न सरकलेली रेघ

"आज बांगड्या न्हाईत वाटतं, ताई?"

धनपाल मगदूम हनुवटी टेकवून बसला होता. खोलीत मिट्ट काळोख. आमच्या दोघांच्या मधे ते मोठं पांढरं भांडं, अर्ध्या कापलेल्या गोलासारखं. तो आतल्या बाजूला, मी मागच्या. त्याच्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसरा त्याने समोरच्या भोकावर रोखून धरला होता. माझा हात त्याला दिसायचा प्रश्नच नव्हता.

"काल भाऊ आला होता जेवायला. पुऱ्या तळताना तेल उडालं," मी म्हटलं. "उजव्या हातातल्या वाढवाव्या लागल्या. आता बोलू नका, हनुवटी हलते."

तो गप्प झाला. मीही कामाला लागले. पेशंटला एकदा त्या भांड्यासमोर बसवलं की मी कुणाशी गप्पा मारत नसे, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची, मिरजेची. मी एका डोळ्यांच्या दवाखान्यात नजरेचा घेर मोजायचं काम करत होते. डॉक्टर उमराणीकरांनी तिथे एक लांब पल्ल्याचा अभ्यास मांडला होता. डोळ्याच्या पडद्याचा एक आजार असतो, रक्तातून येणारा. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं, मग घेर आत आत येत शेवटी मधे एक ठिपका उरतो. औषध नव्हतं. अभ्यासात अकरा घराणी होती. त्यांनी दर वर्षी ठरल्या दिवशी यायचं, त्याच तपासण्या करायच्या आणि आजार किती पुढे सरकला ते आम्ही लिहून ठेवायचं. बस, एवढंच. कवठेमहांकाळचा एक म्हातारा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "म्हंजे आमी आंधळं व्हायचं आन् तुमी ते लिवून घ्यायचं, व्हय?" डॉक्टर म्हणाले, "होय." म्हातारा त्या उत्तरावर खूश होऊन दर वर्षी येत राहिला.

डॉक्टरांचा पहिला नियम होता, मोजणारा हात बदलायचा नाही. हात बदलला की वेग बदलतो, वेग बदलला की आकडा बदलतो. म्हणून पाचही वर्षं तो हात माझाच होता. भांड्याच्या मागे कागद लावलेला असे. मी दांडी कागदावरून सरकवली की आत प्रकाशाचा एक ठिपका काठाकडून मधे सरके. पेशंटला दिसला की त्याने बटण दाबायचं. टर्र वाजलं की मी तिथे पेन्सिलीने खूण करायची. अशा बारा दिशा. सगळ्या खुणा जोडल्या की त्या माणसाच्या नजरेचा नकाशा तयार. दिशांचा क्रम मी कधी बदलला नाही आणि दांडी कधी कमीजास्त वेगाने हलवली नाही. लोक चपात्या गोल लाटतात तशी मी रेघ ओढत असे, न बघता सारखी.

मगदूम बंधू हुपरीचे. चांदीचे कारागीर, पैंजण करणारे. धनपाल सदतीस वर्षांचा, शीतल चोवीस. दोघांनाही आजार आईच्या घरातून आलेला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कारखाना बंद असतो म्हणून त्यांनी तोच दिवस धरला होता. दोघं यायचे ते शीतलच्या अखंड बडबडीसकट. "दादा, हितं नवी फरशी घातली बघ. दोन पायऱ्या केल्यात आता. ह्यो बाक उगाच मधी आणून ठेवलाय बघ." धनपाल छाती काढून त्याच्या शेजारून चालायचा, हूं की चूं न करता. धाकटा तोंडाळ आणि थोरला शहाणा, अशी मी मनाशी नोंद केली होती.

आणि थोरला डॉक्टरांचा लाडका होता. शीतलचा नकाशा दर वर्षी थोडा आक्रसत होता, रीतीप्रमाणे. धनपालचा मात्र चार वर्षं जसाच्या तसा. बटर पेपरवर काढलेले चारही नकाशे एकावर एक ठेवून खालून दिवा लावला, तर चार रेघांची एकच रेघ दिसायची. डॉक्टर ते नकाशे पाहुण्यांना दाखवत. "हा आमचा स्थिर माणूस," म्हणत. इतर घराण्यांनाही सांगत, "काहींचा थांबतो हो. आमच्याकडे एक आहे." मलाही त्या एकुलत्या रेघेचा अभिमान होता. चार वर्षांत केसभरही फरक नाही, म्हणजे माझा हात किती पक्का!

त्या दिवशी मी उजवीकडून दांडी आत आणली. टर्र नाही. आणखी आत. नाही. जवळजवळ मध्यावर आल्यावर बटण वाजलं. वरून आणली, तेच. नाकाकडून आणली, तेच. मधे दोनदा ठिपका नसतानाच बटण वाजलं. असं त्याने कधीच केलं नव्हतं. बारा खुणा जोडल्या आणि कागदाकडे पाहिलं. आधीच्या चार रेघा कागद भरून होत्या. ही वाटीच्या बुडाएवढी.

आधी वाटलं, भाजलेल्या हातामुळे मी दांडी वेडीवाकडी हलवली. पुन्हा मोजलं. मग वाटलं, दिवा मंद झाला. दिवा बदलला, प्रकाश तपासला, तिसऱ्यांदा मोजलं. वाटीच्या बुडाएवढंच.

"लई येळ लागला आज," धनपाल म्हणाला. आवाज कोरडा होता.

"डोळ्यांना काही झालं का मधे? मार, ताप?"

"न्हाई."

"कमी दिसतंय असं वाटतं?"

"हाय तसंच हाय की."

मी दांडीवरचा हात काढला आणि डाव्या हाताने कपाळावरचा घाम पुसला. डाव्या हातातल्या सहा बांगड्या खळ्ळ करून वाजल्या. भांड्याच्या मधल्या भोकात बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतून त्याचा डोळा मला दिसत होता. तो डोळा हलला नाही, पण त्या आवाजासरशी पापणी लवली. आणि एकदम त्याचा तो पहिला प्रश्न मला आठवला.

मी दिव्याची झडप लावली. आता आत प्रकाशाचा कणही नव्हता. दांडी डाव्या हातात घेतली आणि नेहमीच्या वेगाने उजवीकडून आत आणली. बांगड्या वाजल्या. मी मनात मोजलं. एक, दोन, तीन. टर्र.

दुसरी दिशा. एक, दोन, तीन. टर्र.

तिसरी. एक, दोन, तीन, चार. टर्र.

खुणा बरोबर चार वर्षांच्या जुन्या रेघेवर पडत होत्या. चौथ्या दिशेला मी दांडी सोडून दिली.

"धनपालभाऊ," मी म्हटलं, "दिवा बंद आहे."

त्याने हनुवटी काढली. पट्टी सोडली, तिची नीट घडी केली आणि काळोखात तसाच बसून राहिला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. माझ्या हातची कांकणं मला चार वर्षं दिसली नव्हती. पेशंट उगाच बटण दाबतो का, हे तपासायला मधून मधून झडप लावून बघायचं असतं. ते मी न चुकता करत असे. पण ठिपका नाही तर दांडी कशाला हलवा, म्हणून त्या वेळी हात मांडीवर ठेवून बसत असे. हात स्वस्थ, बांगड्या गप्प, आणि मगदूमही गप्प. मी कागदावर लिहायचे, 'अत्यंत विश्वासार्ह.' मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

"पयल्या वर्षी खरंच दिसलं वो ताई," तो सावकाश म्हणाला. "घुंगरू जोडताना कुठल्या कडीनंतर कुठलं, ते कानाला आन् हाताला आपसूक ऱ्हातंय आमच्या. तसं तुमचं राहिलं. बांगडी वाजली की तीन, मग तीन, मग चार. दुसऱ्या वर्षी बसलो तर तीन झालं तरी दिवा न्हाई. मी दाबलं."

"का?"

"शीतल भायेर बसला हुता."

मग त्याने सांगितलं. त्यांचा मामा चाळिशीत पूर्ण आंधळा झाला होता आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचा. दुसऱ्या तपासणीच्या तोंडावर शीतलला आपलंही तेच होणार हे उमगलं, तेव्हा तो तीन दिवस जेवला नाही. उठून विहिरीवर जाऊन बसायचा. आईने धनपालला सांगितलं, तेच्याकडं बघ. "मी काय बगणार? तेवढ्यात तुमी कागद दिलासा माझा. दुसऱ्या वर्षीचा. पयल्यावर ठेवून शीतलनं बघितला. म्हणाला, दादा, तुझं थांबलंय की रं. आन् भाकरी मागितली आईकडं."

नकाशाची एक प्रत आम्ही प्रत्येकाला घरी देत असू. डॉक्टरांना वाटे, एवढं तरी त्यांच्या हातात पडावं. धनपालच्या चारही प्रती कारखान्यात भिंतीला चिकटवलेल्या होत्या.

"तेवढ्यावर उभा हाय त्यो," धनपाल म्हणाला. "ताई, मी आठ दिसानं येतो. तवर बांगड्या भरा. न्हाईतर तुमच्या वहीत काय लिवायचं ते लिवा, पर मला द्यायचा कागद जुनाच द्या. दोन मिंटाचं काम हाय. तुमाला काय पडलंय?"

खरंच दोन मिनिटांचं काम होतं. जुन्या नकाशावर बटर पेपर ठेवायचा आणि पेन्सिल फिरवायची.

"बाहेर बसा," मी म्हटलं. "शीतलला पाठवा."

तो उठला. दाराशी जाताना त्याचा हात भिंतीवरून सरकत गेला. तो तसा दर वर्षीच जात असणार. मी त्याच्या जाण्याकडे कधी पाहिलं नव्हतं, मी तेव्हा रेघ जोडत बसलेली असे.

शीतल आला तो बोलतच. दिवाळीत कारखान्यात काय झालं, कुणी कुणाचा फराळ पळवला. मी पट्टी बांधली, मोजायला लागले. त्याने बारा वेळा बटण दाबलं, थोडं मागेपुढे, अडखळत, माणूस खरंच बघत असला की दाबतो तसं. नकाशा गेल्या वर्षीपेक्षा बोटभर आत होता. जिथे असायला हवा तिथेच.

दुसरा डोळा बांधताना तो एकदम म्हणाला, "आज बांगड्या न्हाईत. दादाचं कसं झालं, ताई?"

मी पट्टीची गाठ मारायची थांबले.

"भायेर बाकावर बसलं की समदं ऐकू येतंय," तो म्हणाला. "तुमची बांगडी, मग तीन, मग दादाचं बटण. दर वर्साला. डोळ्यानं बघणारा माणूस असा तालात बघंल व्हय? आमी दोघं एका पाटावर बसून घुंगरं निवडतो. त्याला ऐकू येतंय ते मला येत नसंल?"

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दुसऱ्या वर्सापासनं."

"म्हणजे भाकरी मागितलीस तेव्हा?"

तो हसला. "दादानं सांगितलं वाटतं. भूक लागलीवती हो, तीन दिस झालेलं. आन् म्हटलं, ह्यो माणूस माझ्यासाठी एवढं खोटं दाबतोय, तर आता जेवलं पायजे."

"मग तू का नाही तसं दाबलंस? तुलाही ताल येत होता."

"दोघांचंबी खोटं झाल्यावर खरं कुणाला कळायचं?" मग त्याचा आवाज खाली आला. "ताई, दादाला आता कडी सापडत न्हाई. त्यो चाचपतोय, मी बडबड करतोय. वाट सांगायला बडबडच करावी लागती. दोपारी त्यो झोपला की मी डोळं बांधून पैंजण जोडाय बसतो. दोन वर्सं झाली. आता जमतंय, निस्त्या बोटानं. त्याला शिकवायचं हाय. पर दिसतंय म्हणणाऱ्या माणसाला बिनडोळ्याचं काम कसं शिकवू? थोडं दिसतंय तवरच शिकाय पायजे, मागनं लई अवघड जातंय. मामा शिकला न्हाई. म्हणून त्यो भिंतीकडं बघत बसला."

मी पट्टीची गाठ मारली.

"खरा कागद द्या त्याला. एवढंच करा."

"एकाचा निकाल मी दुसऱ्याला सांगत नाही."

"मला नगाच सांगू. त्याला द्या."

दुसऱ्या डोळ्याचा नकाशा काढून मी सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांच्यासमोर पाच कागद मांडले आणि सगळं सांगितलं, बांगड्यांपासून मांडीवर ठेवलेल्या हातापर्यंत. घरातलं, विहिरीचं सांगितलं नाही. त्यांनी त्या एका रेघेवरून बोट फिरवलं. त्यावर त्यांनी लेख लिहायला घेतला होता, टेबलावरच पडला होता.

"आणखी कुणाला ऐकू येत असेल?" त्यांनी विचारलं.

"इतकं बारीक बहुधा नाही. पण सगळ्यांचं पुन्हा तपासते."

"वैजयंतीबाई, बांगड्यांचा दोष नाही. झडप लावल्यावर हात हलवायचा, हे आपल्या दोघांपैकी एकाला तरी सुचायला हवं होतं." त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि चार नकाशांवर चार वेळा लिहिलं, 'ग्राह्य नाही.' पहिला खरा असल्याला मगदूमच्या शब्दापलीकडे पुरावा नव्हता, म्हणून तोही त्यात गेला. पाचव्यावर लिहिलं, 'पहिला.' मग लेखाचे कागद उचलून खणात टाकले. "आणि मी लोकांना सांगत होतो, थांबतो म्हणून," ते म्हणाले.

नकाशे गिरवायच्या, खालून दिवा असलेल्या काचेच्या पेटीपाशी मी आले. डावीकडे जुना नकाशा, उजवीकडे नवा, मधे कोरा बटर पेपर. कबूल करते, तो कागद आधी मी जुन्यावर ठेवला होता. एक माणूस विनवून गेला होता, दुसरा उलटं सांगून गेला होता, आणि दोघांना एकमेकांची चिंता. मला काय पडलं होतं? पण अकरा घराण्यांनी आमच्याकडून एकच गोष्ट घेतली होती. औषध नाही, धीर नाही, फक्त जे आहे ते. तेही खोटं दिलं तर मग आम्ही त्यांना काय देत होतो? मी कागद उचलून नव्यावर ठेवला.

दोघं बाकावर बसले होते. मी धनपालच्या हातात त्याची प्रत दिली. त्याने ती डोळ्यांसमोर धरली. मधलं त्याला अजून चांगलं दिसत होतं, त्यामुळे तो वाटीच्या बुडाएवढा गोल त्याला पूर्ण दिसला असणार. त्याने माझ्याकडे पाहिलं. तशा नजरेने माझ्याकडे कुणी पुन्हा पाहू नये. मग त्याने कागदाची घाईघाईने घडी घातली आणि खिशात घालू लागला.

"हाय तसंच हाय," तो शीतलला म्हणाला. "चल, यष्टी चुकंल."

शीतल उठला नाही. समोरच्या भिंतीकडे बघत तो हलक्या आवाजात म्हणाला, "तीन, तीन, चार, पाच."

धनपालचा हात खिशातच राहिला.

"पाच, सहा, सहा, पाच," शीतल म्हणत गेला, घुंगरं मोजावीत तसा, एका लयीत. "चार, चार, तीन, तीन."

बारा आकडे संपले. धनपाल बाकावर खाली बसला. आणि मग तो गदगदून रडायला लागला, व्हरांड्यातल्या सगळ्या लोकांदेखत. शीतलही रडत होता. मी तिथून निघून जायला हवं होतं, पण गेले नाही.

"कवापासनं?" धनपालने शेवटी विचारलं.

"भाकरी मागितली तवापासनं."

"गाढवा," धनपाल म्हणाला. "मग मला उगंच कशाला..." आणि वाक्य सोडून दिलं.

ते उठले. व्हरांड्याच्या टोकाला त्या दोन पायऱ्या होत्या. मी शीतलच्या बडबडीची वाट बघत होते, पण तो काहीच बोलला नाही. नुसता कोपर किंचित बाहेर काढून उभा राहिला. धनपालने हात पुढे केला, चाचपला आणि ते कोपर धरलं.

पुढच्या वर्षी ते येतील की नाही याची मला खात्री नव्हती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आले, कोपर धरून. खोलीत बसण्याआधी धनपालने गुलाबी कागदाची एक पुडी माझ्यापुढे धरली. आत चांदीची पाटली होती, भरीव, कडेने वेलीचं बारीक काम केलेलं.

"एकच हाय," तो म्हणाला. "दोन दिल्या असत्या तर वाजल्या असत्या."

"तुम्ही केलीत?"

"डोळं बांधून. ह्येनं शिकवलं. चुकलो की हातावर मारतोय, थोरला-धाकटा काय बघत न्हाई."

अभ्यासातल्या माणसांकडून काही घ्यायचं नाही असा नियम होता. मी ती पाटली नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, बोटाने वेल चाचपली, कानाशी हलवून पाहिली. "तपासणीचं साहित्य म्हणून नोंदवा," ते म्हणाले.

मी नोंदवली. वर्षभर मोकळाच ठेवलेल्या उजव्या हातात चढवली आणि खोलीत आले. धनपालने हनुवटी टेकवली, मी दिवा लावला, दांडी उजवीकडून आत आणली. कसलाही आवाज नाही. ठिपका आत आला, आणखी आत आला, आणि मग बटण वाजलं. बारा दिशा झाल्या. मी खुणा जोडल्या.

"किती आलं?" त्याने विचारलं.

"मागच्यापेक्षा कमी."

"खरं हाय न्हवं?"

"खरं आहे."

त्याने पट्टी सोडली आणि काळोखात हात पुढे केला.

"मग द्या कागद. शीतलला दावतो."